खिडकी इथे, प्रोग्राम तिथे

दूरच्या युनिक्स मशीनवर एखादा प्रोग्राम बसवलेला असतो. त्याचं लायसन्स तिथलंच, डेटाही तिथलाच, आणि तो डेटा इतका मोठा की आपल्या डेस्कटॉपवर उतरवून घ्यायचा विचारही करायला नको. प्रोग्राम नुसता कमांड लाइनवरचा असेल तर काही प्रश्न नाही. एसएसएचने, म्हणजे दूरच्या मशीनवर सुरक्षितपणे लॉग इन करून देणाऱ्या प्रोग्रामने, आत शिरायचं, टाइप करायचं, उत्तर वाचायचं. पण त्याला खिडक्या असतील, मेनू असतील, माउसने ओढून बघायचे आलेख असतील, तर? त्या मशीनला बहुतेक वेळा मॉनिटरच जोडलेला नसतो.

युनिक्सच्या जगात या प्रश्नाचं उत्तर जुनं आहे. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात १९८३ मध्ये डेक आणि आयबीएम या कंपन्यांच्या मदतीने प्रोजेक्ट अथेना सुरू झाला. विद्यार्थ्यांसाठी कॅम्पसभर वर्कस्टेशन मांडायची, पण ती वेगवेगळ्या कंपन्यांची, एकमेकांशी न जुळणारी. अशा वातावरणात बॉब शाइफलर आणि जिम गेटिस यांनी १९८४ मध्ये एक्स विंडो सिस्टिम उभी केली. स्टॅनफर्डमध्ये आधी डब्ल्यू नावाची एक विंडो सिस्टिम होती, तिच्यावरून हे काम सुरू झालं, म्हणून नावात पुढचं अक्षर. आवृत्त्या भराभर बदलत गेल्या आणि १९८७ मध्ये अकरावी आली. ती मात्र टिकली. आजही आपण जी वापरतो ती एक्स ११च.

या सिस्टिमची रचना अशी की प्रोग्राम चालवणारं मशीन आणि खिडकी दाखवणारं मशीन एकच असलं पाहिजे अशी अटच नाही. प्रोग्राम स्वतः पडद्याला हात लावत नाही. तो एका वेगळ्या प्रोग्रामला सांगतो: एवढ्या आकाराची खिडकी उघड, इथून तिथे रेघ ओढ, हा मजकूर लिही. तो दुसरा प्रोग्राम, म्हणजे एक्स सर्व्हर, पडदा, कीबोर्ड आणि माउस सांभाळतो. दोघांमधलं बोलणं नेटवर्कवरून झालं तरी चालतं.

इथे नवखे हमखास गोंधळतात. सर्व्हर म्हटलं की डोळ्यांसमोर मशीन रूममधलं मोठं मशीन येतं. एक्समध्ये सर्व्हर असतो तुमच्या टेबलावर, कारण पडदा तुमच्याकडे आहे आणि तो इतरांना वापरायला देणारेही तुम्हीच. तिकडच्या अवाढव्य मशीनवर चालणारा प्रोग्राम हा क्लायंट. एवढं एकदा पक्कं बसलं की पुढच्या निम्म्या अडचणींची उत्तरं आपोआप सापडतात.

एक्सआइज नावाचा एक छोटा प्रोग्राम आहे. दोन डोळे दिसतात आणि त्यांची बुबुळं माउसच्या मागे फिरतात, बस. कामाचा काडीचा नाही, पण तपासणीसाठी याच्याइतका चांगला दुसरा नाही. दूरच्या मशीनवर तो चालवला की आधी तो डिस्प्ले नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे प्रोग्रामांसाठी ठेवलेली एक नोंद, वाचतो. पडदा कुठे आहे, याचा पत्ता त्यात असतो: मशीनचं नाव, मग अपूर्णविराम, मग डिस्प्लेचा क्रमांक. त्या पत्त्यावर जोडणी करून तो खिडकी मागतो. तुमच्या डेस्कटॉपवरचा सर्व्हर खिडकी उघडतो आणि उलट कळवतो की खिडकी दिसायला लागली, आता रंगव. मग डोळे काढायचे हुकूम येतात. तुम्ही माउस हलवलात की तो कुठे आहे हे इथला सर्व्हर सांगतो, बुबुळ कुठे सरकलं पाहिजे याचं गणित तिकडे होतं, आणि जुनं पुसून नवं काढायचा हुकूम परत इकडे येतो. बुबुळं माउसच्या किती मागे रेंगाळतात ते बघा. तुमच्या नेटवर्कची चाल कशी आहे ते आकड्यांशिवाय कळतं.

गंमत बघायची तर तिथूनच एक्सक्लॉक हे घड्याळ सुरू करा. ते मशीन वेगळ्या टाइम झोनवर लावलेलं असेल तर घड्याळ तिकडची वेळ दाखवेल. काटे इथे हलतात, पण वेळ तिथली. तसंच कुठल्याही प्रोग्रामात ‘ओपन’ दाबलंत तर दिसतील त्या फाइली दूरच्या डिस्कवरच्या. सेव्ह केलेली फाइल आपल्या डेस्कटॉपवर शोधत बसणारे लोक कमी नाहीत. आवाजाचं तर नावच नको. एक्सच्या जोडणीतून चित्र येतं, माउस-कीबोर्ड जातात. आवाज त्यातून येत नाही.

टेबलावरची तयारी

डेस्कटॉपवर लिनक्स असेल तर एक्स सर्व्हर बहुधा आधीच चालू असतो, वेगळं काही करावं लागत नाही. मॅकवर पूर्वी ॲपलच स्वतःचा एक्स सर्व्हर देत असे. २०१२ मध्ये आलेल्या १०.८ आवृत्तीपासून ते बंद झालं. आता एक्सक्वार्ट्झ वेगळं बसवावं लागतं, आणि बसवल्यावर एकदा लॉग आउट करून पुन्हा लॉग इन करावं लागतं. ही पायरी गाळली की लोक तासभर डोकं खाजवतात. विंडोजवर व्हीसीएक्सएसआरव्ही, एक्समिंग किंवा सिगविनचा एक्स सर्व्हर. मोबाएक्सटर्ममध्ये एसएसएच आणि एक्स सर्व्हर दोन्ही एकत्र मिळतात, म्हणून ज्याला खटपट नको त्याच्यासाठी तेच सोपं. पुट्टी हा एसएसएचचा प्रोग्राम वापरत असाल तर एसएसएचच्या सेटिंगमध्ये एक्स ११ फॉरवर्डिंगची (एक्सचं बोलणं एसएसएचमधून नेण्याची) खूण स्वतः करावी लागते आणि एक्स सर्व्हर वेगळा चालू ठेवावा लागतो, कारण पुट्टीच्या पोटात तो नाही. विंडोज ११ मध्ये लिनक्सची उपप्रणाली बसवलेली असेल तर तिच्यासोबत ग्राफिकल प्रोग्राम दाखवायची सोयही येते, आणि त्या लिनक्समधून पुढे दूरच्या मशीनवर जाता येतं.

आता जोडणी. जुन्या काळी लोक दूरच्या मशीनवर डिस्प्ले व्हेरिएबलमध्ये आपल्या डेस्कटॉपचा पत्ता हाताने भरत आणि इकडे एक्सहोस्ट कमांडला अधिकचं चिन्ह देत. त्याचा अर्थ: कोणीही या, माझा पडदा तुमचाच. एक्स सर्व्हर पोर्ट ६००० वर ऐकत असे (डिस्प्ले क्रमांक शून्य म्हणजे ६०००, एक म्हणजे ६००१) आणि सगळं बोलणं उघड्यावर चाले. हे आजही काही जुन्या मार्गदर्शिकांमध्ये लिहिलेलं सापडतं. ते अजिबात करू नका. कारण एक्सच्या रचनेत, एकदा आत आलेला प्रोग्राम फक्त स्वतःच्या खिडकीपुरता राहत नाही. तो शेजारच्या खिडकीत दाबलेल्या कळा वाचू शकतो, पूर्ण पडद्याचं चित्र घेऊ शकतो. तुम्ही बँकेचा पासवर्ड टाइप करताय आणि तिसराच कोणी तो टिपून घेतोय, हे तेव्हा शक्य होतं आणि दार उघडं ठेवलंत तर आजही शक्य आहे.

पुढे याला कुलूप आलं ते कुकीच्या रूपात. १२८ बिटांचा एक गुप्त आकडा. तो दाखवल्याशिवाय सर्व्हर जोडणी घेत नाही. हे आकडे होम डिरेक्टरीतल्या एका लपलेल्या फाइलीत राहतात आणि एक्सऑथ ही कमांड त्यांची देखरेख करते. पण कुकी असली तरी तारेवरचं बोलणं उघडंच होतं. ती उणीव एसएसएचने भरून काढली. १९९५ मध्ये फिनलंडच्या हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठात टाटू यूलोनेन यांनी एसएसएच लिहिलं. तिथल्या नेटवर्कवर पासवर्ड चोरण्याचा प्रकार घडला होता, त्याला दिलेलं ते उत्तर होतं. एक्सचं बोलणं एसएसएचच्या गुप्त जोडणीत गुंडाळून नेता येतं, जणू बोगद्यातून. आज एक्स वापरायचं तर याच बोगद्यातून.

बोगद्यात नेमकं काय होतं

करायचं एवढंच: एसएसएचच्या कमांडला वजाचिन्हासह कॅपिटल एक्स जोडायचा आणि नेहमीसारखं लॉग इन व्हायचं. पण पडद्यामागे जे घडतं ते फार हुशारीचं आहे. तिकडचा एसएसएच सर्व्हर त्या मशीनवरच एक खोटा डिस्प्ले उभा करतो, साधारणतः क्रमांक १० चा, म्हणजे पोर्ट ६०१०. डिस्प्ले व्हेरिएबलमध्ये त्याचाच पत्ता आपोआप भरतो. तिथल्या प्रोग्रामला वाटतं की पडदा याच मशीनवर आहे. तो तिकडे बोलायला लागतो आणि ते सगळं बोलणं गुप्त होऊन तुमच्या डेस्कटॉपवर येतं, इथल्या खऱ्या एक्स सर्व्हरकडे पोचतं. कुकीसुद्धा तिकडे खरी पाठवली जात नाही. एक बनावट आकडा तिकडच्या फाइलीत ठेवला जातो, आणि जोडणी इकडे आली की तुमच्या बाजूचं एसएसएच तो तपासून त्याच्या जागी खरा आकडा घालतं. दूरच्या मशीनवरून कोणी कुकी चोरली तरी बोगद्याबाहेर तिची किंमत शून्य.

म्हणून एकच नियम: डिस्प्ले व्हेरिएबलला हात लावू नका. एसएसएचने भरलेला पत्ता बरोबरच असतो. कोणीतरी कधीकाळी लॉग इनच्या स्क्रिप्टमध्ये ‘डिस्प्ले बरोबर शून्य’ अशी ओळ घालून ठेवलेली असते, ती हा पत्ता पुसते, आणि मग ‘कान्ट ओपन डिस्प्ले’ हा प्रसिद्ध संदेश येतो.

हा संदेश आला तर मी आधी तो व्हेरिएबल छापून बघतो. रिकामा असेल तर बोगदाच बनला नाही. एक तर तिकडच्या एसएसएच सर्व्हरच्या सेटिंगमध्ये एक्स ११ फॉरवर्डिंग बंद आहे, किंवा त्या मशीनवर एक्सऑथच बसवलेलं नाही. नुसत्या सर्व्हर म्हणून उभ्या केलेल्या मशीनवर ही दुसरी गोष्ट फार वेळा घडते, कारण ग्राफिकल काहीच नको म्हणून तेही गाळलेलं असतं. व्हेरिएबल भरलेला आहे आणि तरीही जोडणी नाकारली जाते? मग कुकीचा घोळ. तुम्ही एका नावाने लॉग इन झालात आणि मग सुडो कमांडने रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, झालात. कुकी राहिली पहिल्याच्या होम डिरेक्टरीत. रूटकडे ती नाही, म्हणून ‘राँग ऑथेंटिकेशन’. ती एक्सऑथने रूटच्या नावावर उतरवून देता येते, पण त्याआधी स्वतःला विचारावं की या प्रोग्रामला रूट कशाला हवाय. आणखी एक भानगड, जी पटकन सुचत नाही: होम डिरेक्टरीचा कोटा भरला असेल तर एक्सऑथला फाइलीत नवी कुकी लिहिताच येत नाही. लॉग इन व्यवस्थित होतं, टर्मिनल चालतं, फक्त खिडकी तेवढी उघडत नाही. चार जुन्या फाइली उडवल्या की सगळं सुरळीत.

कॅपिटल एक्सऐवजी कॅपिटल वाय वापरा, असा सल्ला बरेच जण डोळे झाकून देतात. फरक भरवशाचा आहे. एक्स म्हणजे दूरच्या प्रोग्रामवर पूर्ण भरवसा नाही. इतर खिडक्यांमध्ये डोकावायला त्याला मनाई. वाय म्हणजे घरचा माणूस. मनाईमुळे काही प्रोग्राम अडखळतात किंवा कोसळतात, शिवाय एक्सची परवानगी मुदतीची असते: मूळ सेटिंग २० मिनिटांचं, त्यानंतर नवीन खिडकी उघडायला गेलं की नकार. त्रास होतो म्हणून लोक वायकडे वळतात, आणि मशीन आपल्याच ताब्यातलं असेल तर हरकतही नाही. पण तिथला ॲडमिन अनोळखी असेल तर लक्षात ठेवा, वाय देऊन तुम्ही त्याला तुमच्या कीबोर्डपर्यंत वाट करून दिली आहे. आणि डेबियन घराण्यातल्या लिनक्सवर मूळ सेटिंगच असं आहे की साधा एक्सही वायसारखाच वागतो. तेव्हा एक्स टाइप केला म्हणजे सुरक्षित, हेही गृहीत धरू नये.

मग इतकं हळू का?

एकाच इमारतीतल्या नेटवर्कवर हे सगळं झकास चालतं. घरून, लांबच्या जोडणीवरून तेच करायला गेलं की मेनू उघडायला दोन-दोन सेकंद. लोक इंटरनेटचा वेग वाढवून घेतात, फरक पडत नाही. कारण दुखणं वेगाचं नाही, फेऱ्यांचं आहे.

एक्समधले बरेचसे हुकूम ‘सांगितलं आणि पुढे निघालो’ प्रकारचे असतात, त्यांना उत्तराची वाट बघावी लागत नाही. पण काही प्रश्नांना उत्तर लागतं: या नावाचा आतला क्रमांक काय, त्या खिडकीचा हा गुणधर्म काय. प्रोग्रामने असे प्रश्न एकामागून एक विचारले, तर प्रत्येकासाठी एक पूर्ण फेरी. समजा एखादा प्रोग्राम उघडताना असे १०० प्रश्न विचारतो. शेजारच्या मशीनशी फेरीला १ मिलिसेकंद लागत असेल तर सगळे मिळून दशांश सेकंद. कोणाला कळतही नाही. फेरी २०० मिलिसेकंदांची असेल तर तेच काम २० सेकंद घेतं. तार कितीही रुंद करा, अंतर तेवढंच राहतं. एसएसएचला वजाचिन्ह आणि कॅपिटल सी दिला तर पाठवलेला मजकूर आवळून लहान होतो. सावकाश जोडणीवर त्याचा उपयोग आहे, पण फेऱ्या त्याने कमी होत नाहीत.

दुसरं कारण काळाचं. १९८० च्या दशकातले प्रोग्राम खरोखरच ‘रेघ ओढ, मजकूर लिही’ असं सांगायचे आणि तेवढं बोलणं थोडक्यात व्हायचं. आजचे जीटीके किंवा क्यूटीवर (खिडक्या-बटणं बनवायच्या तयार संचांवर) बांधलेले प्रोग्राम गुळगुळीत अक्षरं, सावल्या, चित्रं बऱ्याच अंशी स्वतःच तयार करतात आणि तयार झालेलं चित्र सर्व्हरकडे ढकलतात. एकाच मशीनवर हे सामायिक मेमरीतून क्षणात होतं. नेटवर्कवर ती पळवाट नाही, प्रत्येक ठिपका तारेवरून न्यावा लागतो. अक्षरांचंही तेच. फाँट आता प्रोग्रामच्या बाजूला लागतात, म्हणून तुमच्या डेस्कटॉपवर पन्नास देवनागरी फाँट असले तरी दूरच्या मशीनवर एकही नसेल तर फाइलच्या मराठी नावाच्या जागी चौकोन दिसतील.

त्रिमितीय चित्रांची गत आणखी वाईट. तिथे तिकडच्याच ग्राफिक्स कार्डावर चित्र रंगवून घेऊन फक्त तयार चित्र इकडे आणणारं व्हर्च्युअलजीएल वापरतात.

तयार चित्र आणायचं तर पूर्ण पडद्याचंच का नको, असा विचार केंब्रिजच्या ऑलिव्हेटीच्या संशोधन प्रयोगशाळेत १९९० च्या दशकात झाला आणि व्हीएनसी जन्मलं. फोनवरून कोणाला ‘डावीकडून रेघ ओढ, मग खाली वळव’ असं सांगून चित्र काढून घेणं, आणि चित्र स्वतःच काढून त्याचा फोटो पाठवणं, एवढा हा फरक. समोरचा जवळ असेल आणि चित्र साधं असेल तर सांगणं स्वस्त पडतं. चित्र गुंतागुंतीचं झालं आणि प्रत्येक वाक्यानंतर ‘हं, पुढे’ ऐकायला थांबावं लागलं, की फोटोच बरा. व्हीएनसीत दूरच्या मशीनवर एक अदृश्य पडदा असतो, प्रोग्राम त्यावर चालतात, आणि बदललेले चौकोन तेवढे तुमच्याकडे येतात. जोडणी तुटली तरी तिकडचा पडदा जागेवर राहतो, उद्या पुन्हा जोडून घ्या. साध्या एक्स बोगद्यात तसं नाही. वाय-फाय गेलं, लॅपटॉप झोपला, की खिडकी गेली आणि तिच्यासोबत न साठवलेलं कामही.

व्हीएनसीच्या जुन्या पद्धतीत पासवर्डची पहिली ८ अक्षरंच धरली जातात आणि पुढचं सगळं बोलणं उघड्यावर चालतं. म्हणून त्याचं पोर्ट, साधारण ५९०० च्या पुढचं, बाहेरच्या जगाला उघडं ठेवू नये; एसएसएचच्या बोगद्यातूनच न्यावं. विंडोजवाल्यांना आरडीपी ही दूरचा डेस्कटॉप बघायची पद्धत सवयीची असते, त्यांच्यासाठी युनिक्सच्या बाजूला एक्सआरडीपी बसवता येतं.

या दोन टोकांच्या मध्ये एक्सप्रा आहे, आणि मला विचाराल तर ते जेवढं वापरलं जायला हवं तेवढं वापरलं जात नाही. ते दूरच्या मशीनवर एक आभासी एक्स सर्व्हर चालवतं, त्यामुळे फेऱ्या तिथल्या तिथे, विजेच्या वेगाने होतात. तुमच्याकडे येतात ती फक्त त्या त्या खिडकीची आवळलेली चित्रं. पूर्ण परका डेस्कटॉप डोक्यावर घ्यावा लागत नाही; खिडकी तुमच्या इतर खिडक्यांमध्ये मिसळून राहते. जोडणी सोडून पुन्हा धरताही येते. एक्सटूगो फेऱ्या वाचवण्याच्याच वाटेने जातं, पण नोमशीन कंपनीच्या एनएक्स तंत्रावर उभं आहे.

वेलँड आल्यावर

क्रिस्तियान होग्सबर्ग यांनी २००८ मध्ये वेलँडचं काम सुरू केलं आणि लिनक्सचे डेस्कटॉप हळूहळू तिकडे सरकले. वेलँडमध्ये रेघ ओढायचे हुकूमच नाहीत. प्रोग्राम मेमरीत चित्र तयार करतो आणि तो तुकडा पडदा सांभाळणाऱ्याच्या हाती देतो. नेटवर्क या हिशेबातच नाही. याबद्दल जुन्या मंडळींनी पुष्कळ हळहळ केली. मला ती थोडी जास्त वाटते, कारण प्रोग्राम स्वतःच चित्र काढायला लागले तेव्हाच एक्सची ती बाजू निम्मी संपली होती. शिवाय वेलँडमध्ये एका खिडकीला दुसरीच्या कळा चोरता येत नाहीत, हा फायदा लहान नाही. वेलँडच्या डेस्कटॉपवर एक्सवेलँड नावाचा सर्व्हर सोबत असतो, म्हणून एसएसएचचा कॅपिटल एक्स अजूनही चालतो. निव्वळ वेलँडच्या प्रोग्रामसाठी वेपाइप आहे, तेही एसएसएचच्या बोगद्यातूनच काम करतं.

निवड करायची तर मी अशी करतो: एकाच नेटवर्कवर, एखादा आलेख डोळ्यांखालून घालायचा असेल, तर कॅपिटल एक्स पुरे. लांबून रोजचं काम असेल तर एक्सप्रा. पूर्ण डेस्कटॉपच हवा असेल तर एसएसएचमधून व्हीएनसी. दिवसभर चालणारं गणित मात्र बोगद्यातल्या खिडकीतून कधीच सुरू करत नाही. ते टीमक्समध्ये, म्हणजे जोडणी तुटली तरी टर्मिनल चालू ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये, सोडून द्यायचं आणि खिडकी फक्त निकाल बघायला उघडायची.

आणि दूरच्या खिडकीतून काही कॉपी केलंत तर पेस्ट करेपर्यंत ती खिडकी बंद करू नका. एक्समध्ये कॉपी केलेला मजकूर सर्व्हरकडे साठवला जात नाही. तो मूळ प्रोग्रामकडेच असतो, आणि पेस्ट करायच्या क्षणी त्याच्याकडे मागितला जातो. क्लिपबोर्ड सांभाळणारा वेगळा प्रोग्राम चालू नसेल, तर खिडकीबरोबर मजकूरही गेला.